थोरल्या जावेचं मुसळ

मी एका बाईला कांडायला शिकवलं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा. शिकवलं तेही कुणाला, तर मी परकराची नाडी बांधायला शिकत होते तेव्हापासून उखळावर उभी राहिलेल्या माझ्या थोरल्या जावेला. मला स्वतःला मुसळ हातात धरून जेमतेम वर्ष झालं होतं. पण मी साताऱ्याची होते, सातवी पास होते आणि शाळेच्या कवायतीत पहिल्या रांगेत उजवीकडून पहिली उभी राहायची. एवढ्याशा भांडवलावर माणूस दुसऱ्याचं किती नुकसान करू शकतं, ते सांगायला बसले आहे.

नाती विचारतात, आजी, तू तरुणपणी कशी होतीस? मी म्हणते, शहाणी होते. त्यांना ते कौतुक वाटतं.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी सांगलीकडे, कुंडलच्या अलीकडच्या एका गावात आले. घरात सासू-सासरे, माझे यजमान आणि थोरली जाऊ. थोरले दीर नव्हते. म्हणजे होते, पण त्यांचा विषय कुणी काढत नसे. कामाला जातो म्हणून सोलापूरकडे गेले आणि तिकडेच दुसरं घर करून बसले. जावेला मूल नव्हतं. आईबाप मरून गेलेले. आटपाडीच्या बाजूला एक भाऊ, त्याच्या पदरी पाच पोरं आणि कुसळाशिवाय काही न उगवणारं रान. अशी बाई सासरी कशाच्या जोरावर राहते? आमची थोरली मुसळाच्या जोरावर राहिली होती.

आमच्याकडे हळदीचं कांडप असायचं. सांगलीच्या पेठेतून हळकुंडांची पोती यायची, आम्ही ती कांडून, वस्त्रगाळ करून भुकटी परत पाठवायची. यंत्रं तेव्हा निघाली होती, पण यंत्राची हळद तापते, तिचा वास जातो, असं म्हणणारी गिऱ्हाइकंही होती. हळकुंड म्हणजे दगडाचा धाकटा भाऊ. ते फोडायला बाईच्या हातात ताकद लागते आणि ताकदीपेक्षा जास्त काहीतरी लागतं. त्या काहीतरीला नाव नाही. मला वाटलं होतं त्याला कवायत म्हणतात.

उखळ पडवीत जमिनीत पुरलेलं. दोघी समोरासमोर उभ्या, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उखळाशी मांडी घालून बसायच्या. मुसळ पडलं की तुकडे उडून कडेला चढतात, ते पुन्हा आत लोटावे लागतात. आत्याबाई ते उजव्या हातानं लोटायच्या, दोन ठोक्यांच्या मधे, मुसळं चालू असताना. बुडाला लोखंडी कडं असलेली दोन मुसळं वरून येताहेत आणि खाली ही बाई शेजारणीशी गप्पा मारत हात आत-बाहेर करते आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मुसळ वरच धरून ठेवलं. मी म्हटलं, "आत्याबाई, बघून घाला की हात."

"उकळात बगाया लागले तर बोलू कुनाकडं बगून?" त्या म्हणाल्या.

त्यांना बघावं लागत नव्हतं ते थोरलीमुळं. थोरली उजव्या हातानं मुसळ उचलायची, डोक्याच्या वर गेलं की हातातून सोडायची आणि डाव्या हातात झेलायची. त्या झेलण्यात मुसळ जरासं थांबायचं. फार नाही, पापणी लवेल इतकं. मग डावी टाच उचलून, नाकातून बारीक 'हुं' करून ते खाली यायचं. लहानपणी एका म्हशीनं दाव्यासकट तिला फरफटत नेलं होतं, तेव्हापासून तिचा उजवा खांदा पुरता वर जात नव्हता. त्या खांद्याला सांभाळत सांभाळत तिनं ही आपली रीत बसवली होती. आणि आत्याबाईंचा हात नेमका त्या थांबण्यात आत जायचा. माझ्या ठोक्यावर त्या कधी हात घालत नसत. माझं मुसळ सरळ वर, सरळ खाली, छाती पुढे, हनुवटी वर. मला वाटायचं, मी नवी म्हणून घाबरत असतील.

हे सगळं मी आज असं मांडून सांगते आहे. तेव्हा ते कुणालाच सांगता आलं नसतं. थोरलीला आपण थांबतो हे ठाऊक नव्हतं आणि आत्याबाईंना आपण तिच्या थांबण्याची वाट बघतो हे ठाऊक नव्हतं. दोघींच्या अंगांनी आपसात ठरवून टाकलं होतं. बारा वर्षांचं ठरलेलं.

मला मात्र ते थांबणं खटकायला लागलं. कवायतीच्या आमच्या बाई शिट्टी वाजवत रांगेतून फिरायच्या, आणि कुणाचा हात बोटभर जरी वर असला तरी त्या हातावर पट्टी बसायची. दोनशे मुली एका अंगानं हलल्या पाहिजेत, असं त्या म्हणायच्या. ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. जे सारखं नाही ते चूक.

"आक्का, तुमचा ठेका चुकतो," मी एक दिवस म्हटलं.

"कुटं गं?"

"वर. मुसळ वर गेलं की तुम्ही थांबता. खांदाही वाकडा होतो. दोघींचं सारखं दिसत नाही."

"दिसायला ही काय वरात हाय? हळद बारीक हुतीया न्हवं?"

आत्याबाई खाली बसून हसल्या. "साताऱ्याची साळाच आलीया आपल्या घरात. थोरले, उद्यापास्नं पाटी-पेन्शील घिऊन उबी ऱ्हा उकळावर."

मला ते लागलं. मी दोन दिवस तोंड फुगवून राहिले. जेवताना यजमानांनी विचारलं काय झालं, तर मी अगदी गरीब होऊन सांगितलं, मी चांगलंच सांगायला गेले होते. यजमान तेव्हा माझ्यावर भाळलेले होते, तो त्यांचाही मूर्खपणाचाच काळ. ते सरळ म्हणाले, "वैनी, शिकून घ्या की. शिकल्याली हाय ती."

दुसऱ्या दिवशी थोरली आपण होऊन म्हणाली, "दाव बाई धाकले, कसं करायचं त्ये."

मला वाटलं, पटलं तिला. माझी छाती आणखी चार बोटं पुढे आली. त्या घरात कुणालाच नाही म्हणण्याची तिला सोय नव्हती, हे माझ्या सातवी पास डोक्यात शिरलं नाही.

त्याच आठवड्यात आत्याबाई लेकीच्या बाळंतपणासाठी इस्लामपूरला गेल्या. आठ दिवस. हात घालायला कुणी नाही, म्हणून दहा ठोके झाले की आम्ही थांबायचो, मी वाकून तुकडे आत लोटायची आणि पुन्हा सुरू. त्या आठ दिवसांत मी तिला नवी केली. सोडायचं नाही, झेलायचं नाही, दोन्ही हात मुसळावर, टाच जमिनीवर, 'हुं' बंद. मी मोजायची, एक, दोन. एक, दोन. तिसऱ्या दिवशी तिचा खांदा सुजला. ती भिंतीला टेकून तेल चोळत बसली होती आणि मी तिला म्हटलं, "नवी सवय लागताना दुखतंच." पट्टी तेवढी हातात नव्हती.

सहाव्या दिवशी आमची मुसळं अगदी सारखी पडायला लागली. वाटेनं जाणारी एक म्हातारी पडवीसमोर थांबली आणि म्हणाली, "एकाच बाईला चार हात फुटल्यागत दिसतंय गं." ही शाबासकी मी दिवसभर मिरवली. थोरलीनं मुसळ भिंतीला टेकवलं आणि दंड धरून आत गेली.

आत्याबाई परत आल्या त्या सकाळीच उखळाशी बसल्या. नातू झाला होता, त्याचं वर्णन चाललं होतं. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कधी बघत होत्या म्हणून? पहिल्यांदा हात आत गेला तेव्हा थोरली जुन्या सवयीनं थांबली. मी तिच्याकडे डोळे वटारले आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. एक, दोन. एक, दोन. दुसऱ्यांदा हात आत गेला तेव्हा ती थांबली नाही.

हळकुंड फुटल्याचा आवाज वेगळा असतो.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. "नाक तर आसं" इथपर्यंतचं वाक्य तसंच राहिलं. उखळातली हळद आधी लाल झाली आणि मग बघता बघता काळपट तपकिरी. जखमेवर घालायला हळद शोधावी लागली नाही. थोरलीनं त्याच उखळातली मूठभर काढून दाबली, आपल्या लुगड्याचा काठ फाडून बांधला, आणि त्यांचं मनगट दोन्ही हातांनी वर धरून बसली. मी काय करत होते? मी मुसळ घेऊन उभी होते. कुणीतरी 'विश्राम' म्हणेल याची वाट बघत असेन.

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत आणि तिथून मोटारीनं मिरजेला नेलं. दोन बोटं काढावी लागली. उरलेली तीन राहिली, पण ती पुन्हा मिटली नाहीत.

मामंजी मिरजेहून कपडे न्यायला आले त्या सकाळी पडवीत माणसं जमली. मामंजींनी एवढंच विचारलं, "मुसळ कुनाचं पडलं?"

"थोरलीचं," चुलत सासू म्हणाली. तिनं उखळाकडे बोट केलं. "आन् मी म्हंते, बारा वरसं हात बसल्याली बाई. तिचं मुसळ कसं चुकंल? नवीचं चुकलं आसतं तर मी म्हनले आसते, नवी हाय. हिचं चुकत न्हाई. मनात आसंल तरच पडंल."

"कशाला हो मनात आसंल?" कुणीतरी म्हणालं.

"आवं, नवऱ्यानं टाकल्याली. त्यो डूख काडायचा कुनावर? ज्या बाईनं त्येला जलम दिला तिच्यावर."

तिचं कसब हाच तिच्यावरचा पुरावा झाला. थोरली खांबाला धरून उभी होती. तिनं एकदा, एकदाच, माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं पडलं असतं. ती नुसती वाट बघत होती.

सांगायचं एकच वाक्य होतं. मी तिला थांबू नको म्हटलं होतं. एवढंच. परेडच्या मैदानावर पहिल्या रांगेतून ठणठणीत आवाजात एक-दोन मोजणारी मी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. मला तिसरा महिना होता. चुलत सासूचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती म्हणाली, "हिला आत न्या गं. पोटुशी बाई, हिनं आसलं ऐकू न्हाई." मी आत गेले. एरवी कुणाचं ऐकत नव्हते, त्या दिवशी पहिल्या हाकेला ऐकलं.

यजमानांनी नंतर मागच्या दारी विचारलं, "जोडीला तू हुतीस न्हवं? काय झालं नेमकं?"

मी म्हटलं, "माझं मुसळ वर होतं."

आणि ते खरंच वर होतं. देवापुढं हात ठेवून सांगितलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले, पण इतकं वाईट खोटं बोलले नाही.

पंधरा दिवसांनी आत्याबाई घरी आल्या. हात गळ्यात बांधलेला. मामंजी निकाल द्यायचे थांबले होते ते त्यांच्यासाठीच. त्यांनी दोघी सुनांना समोर उभं केलं आणि म्हणाले, "हात तुजा गेलाय. तू सांग. हिला ठिवायची का धाडायची?"

आत्याबाईंनी थोरलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ पाहिलं. माझ्या मनात आलं, आता सांगतील. मग मनात आलं, त्यांना तरी काय ठाऊक, त्यांची मान तर शेजारणीकडे होती.

"जाऊ द्या तिला भावाकडं," त्या म्हणाल्या.

भाऊ आला तो दाढी न करता, चेहऱ्यावर आणखी एक तोंड पोसायचं लिहिलेलं. थोरलीचं सामान एका पत्र्याच्या ट्रंकेत मावलं, तीही पुरती भरली नाही. ती आत्याबाईंच्या पाया पडली. माझ्याजवळ आली तेव्हा मला वाटलं आता काहीतरी बोलणार, शाप देणार, निदान तोंड तरी फिरवणार. ती म्हणाली, "माळ्यावं हळकुंडं वाळत घाटल्यात. दुपारी पालथी कर, न्हाईतर एका अंगानं काळी पडत्याल." आणि भावाच्या मागून चालायला लागली. मी दुपारी हळकुंडं पालथी केली. तिनं सांगितलेलं काम निदान एवढं तरी केलं.

कांडप बंद झालं. पोती यंत्रावर जायला लागली. मुसळं कोपऱ्यात उभी राहिली. एकदा घरात कुणी नसताना मी थोरलीचं मुसळ घेतलं आणि तिच्यासारखं वर सोडून झेलून पाहिलं. झेलता आलं नाही. पायाच्या अंगठ्यावर पडलं, नख काळं झालं. पुन्हा केलं. पुन्हा नाही जमलं. तिला मी माझ्यासारखी आठ दिवसांत केली होती, आणि मला तिचं एक झेलणं येईना. तिचा तो खांदाच माझ्याकडे नव्हता. मैदानावर दोनशे जणींनी एकसारखं हललं तर चालतं, कारण तिथं कुणाचा हात कुणाच्या मुसळाखाली नसतो. हे आमच्या बाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठं कांडायचं होतं?

आत्याबाई डाव्या हातानं जेवायला तयार नव्हत्या. "डाव्या हाताला त्येचं काम नेमून दिलंय देवानं," त्या म्हणाल्या, "त्यात मी भाकरी मिसळनार न्हाई." मग दोन्ही वेळा मी त्यांना भरवायची. भाकरी मोडायची, आमटीत बुडवायची, घास करायचा. त्या तोंड उघडायच्या, चावायच्या, आणि माझ्या हाताकडे बघत राहायच्या. पहिल्यांदाच त्या कुणाच्या हाताकडे बघत होत्या. माझं पोट तोवर चांगलं दिसायला लागलं होतं, वाकताना अवघडायला व्हायचं.

एक दिवस बांगड्या भरणारी कासारीण आली. ती आटपाडीच्या बाजारापर्यंत फिरायची. माझा हात आपल्या हातात घेऊन दाबत दाबत ती आत्याबाईंना म्हणाली, "तुमची थोरली बगितली की वं."

मीच विचारलं, "कुठं?"

"रस्त्याच्या खडीवर. दगडं फोडतीया. उनात पंधरा-इस बाया, समद्यांनी धुळीनं तोंडाला पदर बांधल्याला, कोन कुनाला वळखतंय? पर लांबनंच बगितलं, समद्यांचं हातोडं दनादन पडत्यात, आन् एक हातोडा वर गेला की पापनी लवंस्तवर थांबतूया. म्हनलं, ही त्यांचीच थोरली. जवळ जाऊन बगितलं तर तीच. लय वाळलीया."

"काय म्हणाली?"

"काय म्हननार? आत्याबाईंचा हात मिटतूय का, म्हनून ईचारलं. बाकी न्हाई काय."

कासारीण गेली. मी स्वयंपाक केला, ताट वाढलं, आत्याबाईंसमोर बसले. तीन घास भरवले. चौथा हातातच राहिला आणि मी सगळं सांगून टाकलं. आठ दिवसांची शिकवणी, सुजलेला खांदा, वटारलेले डोळे, एक-दोन, एक-दोन. माझं मुसळ वर होतं, हे यजमानांना सांगितलेलं तेही. सांगताना मी रडत होते, आणि रडताना मला बरंही वाटत होतं, तेही लपवत नाही. मला वाटलं आता त्या ओरडतील, मामंजींना हाक मारतील, कुणीतरी आटपाडीला जाईल आणि थोरलीला घेऊन येईल.

आत्याबाईंनी तोंडातला घास नीट चावला, गिळला. मग म्हणाल्या, "मला त्याच दिशी म्हाईत हुतं. तू मोजाया लागलीस आन् ती थांबली न्हाई. हात माजा हुता त्यात, मला कळंना व्हय? मिरजंला पंधरा दीस खाटंवं पडून त्योच इचार केला. खरं बोलले आस्ते तर ह्यांनी तुला धाडली आस्ती, पोटातल्या पोरासकट. तिला धाडली, तर ईचारनारं कोन हुतं? आता रडून काय करतीस, तू बी गप बसलीस, मी बी गप बसले. घाल त्यो घास, आमटी निवतीया."